पिवळी नळी

सोलापूरजवळच्या शेतातली ही विहीर. मे महिन्यातली सकाळ. पायरीवर आबा दोर धरून बसलेत आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा नातू. पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधलाय. डबा सुटला तर दोर आहे, दोर निसटला तर आबा अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेतील. मीही अशाच विहिरीत पोहायला शिकले. पुढं तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंगसाठी पहिल्यांदा हवेची टाकी पाठीवर घेतली, तेव्हा मनात आलं, इथं दोर कुठाय?

तो दोर म्हणजे ही पिवळी नळी.

टाकीत ऑक्सिजन असतो, असं पुष्कळजण समजतात. असते ती साधी हवा, गाळून 200 बार, म्हणजे भोवतालच्या हवेच्या सुमारे 200 पट दाबानं भरलेली. एवढा दाब तोंडात घेता येत नाही. म्हणून टाकीच्या डोक्यावरचा पहिला रेग्युलेटर तो सुमारे 10 बारपर्यंत उतरवतो आणि तोंडातला दुसरा, भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतका करून, मागाल तेवढीच हवा देतो. 1943 मध्ये फ्रान्समध्ये नौदल अधिकारी कूस्तो आणि अभियंता गान्याँ यांनी बसवलेलं हे गणित आजही तेच आहे.

पिवळ्या नळीच्या टोकाला तोंडात धरायचा आणखी एक रेग्युलेटर असतो. त्याला म्हणतात ऑक्टोपस. छातीपाशी, सहज हाती येईल असा. जोडीदाराची हवा संपली, तर तो हा ओढून घेतो. पण नीट पाहा, दोन्ही नळ्या एकाच टाकीतून निघतात. टाकी रिकामी झाली की दोन्ही मुक्या. म्हणजे तुमचा ऑक्टोपस खरं तर जोडीदारासाठी, आणि तुमच्यासाठी आहे तो त्याचा. जोडीदार हाताच्या अंतरावर नसेल, तर तुमच्यासाठी काहीच नाही.

म्हणून काहीजण पॉनी नेतात. वेगळी छोटी टाकी, तिचा स्वतःचा रेग्युलेटर. ती केवढी असावी, हे अंदाजानं ठरवू नका. घाबरलेला माणूस मिनिटाला 40 लिटर हवा ओढतो असं धरू. 18 मीटर खोलीवर दाब 2.8 बार, हवाही तितक्याच पट लागते, म्हणजे तिथं मिनिटाला 112 लिटर. हातात मावणारी 85 लिटरची बाटली तिथं पाऊण मिनिटात संपते. मिनिटाला 9 मीटर या वेगानं वर यायलाच दोन मिनिटं लागतात. उथळ पाण्यात ती बाटली कामाची, तिथं नाही. तीन लिटरची पॉनी 200 बारला भरली तर 600 लिटर. खाली सावरायला एक मिनिट, वर यायला दोन, 5 मीटरवर सुरक्षेसाठी तीन मिनिटांचा थांबा, सगळं मिळून साधारण 450. पुरते. 30 मीटरवरून मात्र हाच हिशेब 670 च्या घरात जातो. तेव्हा त्या खोलीला मी तीन लिटरवर विसंबणार नाही.

आणि वर येताना श्वास कधीच रोखायचा नाही. 10 मीटरवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट होते, फुफ्फुस फाटू शकतं.

उजनीसारख्या जलाशयात उतरायचं, तर आणखी एक गोष्ट. धरण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून जवळपास 497 मीटरवर असते. 300 मीटरच्या वर डाइव्हचे तक्ते, म्हणजे किती खोलीवर किती वेळ राहायचं ते सांगणारे, बदलावे लागतात. पाणी गढूळ असलं तर पिवळा रंगही दिसत नाही. हाताला जागा पाठ हवी.

हे मला तलावातल्या सरावात कळलं. डोळे मिटून मी जोडीदाराचा ऑक्टोपस ओढला, दातात धरला, श्वास घेतला आणि तोंडात पाणी! रबरी माऊथपीस दातात राहिला होता, रेग्युलेटर खाली लोंबत होता. माऊथपीस आवळणारी प्लॅस्टिकची पट्टी तुटली होती, आणि आम्ही दोघांनी उतरण्यापूर्वी ती पाहिली नव्हती. पाणी छातीभरच होतं, म्हणून उभी राहिले.

तेव्हापासून उतरण्यापूर्वी माऊथपीस ओढून पाहते. पिवळा रेग्युलेटर तोंडात धरून, टाकीतला दाब दाखवणाऱ्या गेजवर नजर ठेवून चार श्वास घेते. श्वासागणिक काटा खाली झुकला तर टाकीची झडप पुरती उघडलेली नाही. मग पॉनीचं गेज. मग जोडीदाराचं सगळं पुन्हा, त्याच क्रमानं.

विहिरीवर आबांनी नातवाच्या कमरेची गाठ धरली, दोनदा हिसका दिला, आणि मगच म्हणाले, "हां, मार उडी."