बाळ्याची पहिली दोन वर्षं

खरं सांगायचं तर ही डॉक्युमेंट्री करायची असं काही ठरलं नव्हतं. साताऱ्याला ताईला मुलगा झाला, मी मामा, हातात फोन, मग दर रविवारी गेलो की काहीतरी शूट करायचो, एवढंच. दोन वर्षांनी सगळ्या क्लिप एकामागे एक लावून बघितल्या आणि कळलं, की आपण समोर बसून होतो पण निम्मं दिसलंच नव्हतं.

ही पहिली क्लिप, बारशाच्या आदल्या दिवशीची. आजीची मांडी, दुपट्यात गुंडाळलेला बाळ्या. सगळे म्हणतायत बघ कसा आजीच्या डोळ्यात बघतोय, पण जरा नीट बघा, त्याची नजर आहे आजीच्या कपाळावरच्या ठसठशीत कुंकवावर आणि केसांच्या कडेवर. या वयात गडद आणि फिकट जिथे भेटतं तिथे नजर अडकते, आणि स्पष्ट दिसतं ते फार तर २०-३० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा जेवढा लांब असतो तेवढंच. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून खुळखुळा वाजवतोय ते माझं मलाच चाललंय.

झोपेत तो आधीपासून हसायचा, आजी म्हणायची सटवाई हसवते. पण हे बघा, दीड-दोन महिन्यांचा झालाय, ताई वाकली, आणि तिच्याकडे बघून तोंडभर हसला. हे हसू वेगळं, हे माणसाला बघून आलेलं.

आता माझी आवडती क्लिप. सातवा महिना, पालथा पडलाय, तोंडाने ब-ब-ब चालू. बाहेरून बडबड वाटते ना, पण या वयाचं बाळ ऐकण्यात आपल्यापेक्षा हुशार असतं. १९८४ मध्ये जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या दोघांचं कॅनडातलं काम प्रसिद्ध झालं, त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या बाळांना हिंदीतला त आणि ट ऐकवला. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला, आणि दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फार थोड्यांना. म्हणजे वर्ष व्हायच्या आत कान घरातल्या भाषेला लागतो, बाकीचं हळूहळू बाजूला पडतं. (आमचा अमेरिकेत वाढलेला चुलतभाऊ अजून 'टू कसा आहेस' म्हणतो, आता त्याला हसणं बंद केलंय.)

नववा महिना. आजी पदराआड तोंड लपवून 'बुवाऽऽ कुक' करते. पाचव्या महिन्यात खेळणं रुमालाखाली गेलं की बाळ्याच्या लेखी ते संपलं, तो दुसरीकडे बघायचा. आता बघा, स्वतः पदर ओढतोय. दिसत नसलं तरी आजी तिथेच आहे हे त्याला पक्कं ठाऊक झालंय, म्हणून तर ताई बाथरूममध्ये गेली तरी दाराशी बसून रडतो.

तरी सगळ्यांना टेन्शन एकच, हा रांगत का नाही. शेजारच्या काकू रोज विचारणार, आमचा तर आठव्यातच रांगायचा हो. हा बसल्या बसल्या ढुंगणावर सरकायचा, तेही सुसाट. मग डॉक्टरांनी समजावलं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतली मुलं बघितली, त्यात दिल्लीतलीही होती, आणि त्यातली साधारण ४ टक्के हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. आधाराशिवाय चालणं तर आठव्या महिन्यापासून जवळजवळ अठराव्यापर्यंत कधीही. अठरा महिने झाले तरी पाऊल टाकत नसेल तर मात्र दाखवायचं.

एका नातेवाइकांनी बसायचा वॉकर दिला होता, गोल, म्युझिकवाला. मूल त्यात लोंबकळतं आणि बोटांनी ढकलत सुटतं, थेट जिन्याकडे. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. आमचा माळ्यावर गेला. आजोबांनी सावंतवाडीच्या चितारआळीतून पांगुळगाडा आणला, लाकडी, तीन चाकांचा. हा ढकलायला आधी उभं राहावं लागतं, तोल स्वतःचा सांभाळावा लागतो. चौदावा महिना, बघा, गाडा भिंतीला अडकला, चिडला, सोडला, आणि तीन पावलं तशीच टाकली. कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत, सगळे कुकरची शिट्टी मोजत होते.

शेवटची क्लिप, परवाची. आता दोन-दोन शब्द जोडतो, 'मामा गेला', 'अजून दूध'. पण लाडका शब्द एकच. आंघोळ? नको. चप्पल? नको. ताई केळं सोलतेय, केळं हवंय का रे? नको. आणि हात पुढे.