शेडखालची जमीन

(दृश्य : ड्रोन. लोअर परळ स्टेशनावरून पश्चिमेला, पांडुरंग बुधकर मार्गाच्या दिशेने.)

हे लोअर परळ. खाली पश्चिम रेल्वेचे रूळ, आणि समोर काचेच्या टॉवरांची ही रांग. यातले बरेचसे टॉवर जिथे उभे आहेत, तिथे गिरण्या होत्या. कॅमेरा आता ज्या आवारावर येतोय ती मुंबई टेक्स्टाइल मिल. जागा सुमारे सतरा एकर. मुंबई बेटाच्या मधोमध, स्टेशनापासून चालत जाता येईल अशी. चहूबाजूंनी शहर दाट भरलेलं, आणि मध्ये सतरा एकरांचा सलग तुकडा. बिल्डरच्या दृष्टीने याहून मोठं घबाड नाही. रस्ता, पाणी, गटार, वीज, रेल्वे सगळं आधीच दारात आलेलं. शंभर-सव्वाशे वर्षं मुंबईने आणि तिच्या कामगारांनी ते तिथवर आणलं होतं.

2005 साली ही गिरणी विकली गेली. विकणारं होतं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ, म्हणजे केंद्र सरकारची कंपनी. गिरणगावात तिला सगळे एनटीसी म्हणतात. त्या वर्षी एनटीसीने मुंबईतल्या पाच गिरण्यांच्या निविदा काढल्या. ज्युपिटर 276 कोटींना गेली. अपोलो 180 कोटींना, दादरची कोहिनूर क्रमांक तीन 421 कोटींना, एल्फिन्स्टन 441 कोटींना. आणि ही, मुंबई टेक्स्टाइल, 702 कोटींना. पाच गिरण्यांचे मिळून दोन हजार वीस कोटी.

या आकड्यांच्या बातम्या झाल्या. पण निविदेचा लिफाफा उघडण्याच्या चार वर्षं आधीच या जमिनीचा खरा फैसला होऊन गेला होता. तो कसा झाला ते समजायचं तर गिरणीच्या आत जायला हवं.

(दृश्य : गिरणगावातल्या एका बंद गिरणीतलं साचेखातं. छपरातून उतरणारा उजेड.)

हे साचेखातं. साचा म्हणजे माग. हे छप्पर बघा, करवतीच्या दात्यांसारखं. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची, आणि काच नेहमी उत्तरेला. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, ऊन थेट कापडावर येत नाही, धागा तुटला तर लगेच दिसतो. फरशीत साचे पक्के करायचे लोखंडी बोल्ट अजून आहेत. खांबांवर रंगवलेले आकडे आहेत, काही पुसट, काही वाचता येतील इतके ठळक. तेल पिऊन काळी झालेली ही जमीन कितीही धुतली तरी काळीच राहते.

सूतकताई वरच्या मजल्यांवर चालायची, त्यामुळे ती इमारत तीन-चार मजली असायची. साच्यांचं तसं नव्हतं. शेकडो साचे एकदम चालले की सगळी इमारत हादरते. त्यामुळे साचेखातं तळमजल्यावरच पसरायचं आणि त्याला उजेड छपरातूनच द्यावा लागायचा. म्हणून गिरणीचं आवार असं दिसतं : एक चिमणी, दोन-तीन उंच इमारती, आणि बाकी सगळीकडे बसकं, पसरलेलं छप्पर. गिरणीची बहुतेक जमीन या छपराखाली असते. मोकळी जागा उरते ती फाटकापाशी, कापसाच्या गोदामापाशी, तळ्यापाशी.

हे लक्षात ठेवा. पुढे सगळा खेळ यावरच झाला.

(दृश्य : संपकाळातली कृष्णधवल छायाचित्रं. फाटकासमोरची सभा.)

18 जानेवारी 1982. डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या आणि रखडत चालल्या, काही उघडल्याच नाहीत. कोकणातला, साताऱ्यातला, कोल्हापूरकडचा जो कामगार इथे दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचा, त्यातला कुणी गावी परतला, कुणी हमालीला लागला, कुणी वॉचमन झाला. कित्येक जण पुढे याच आवारांच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसले.

मालकांच्या लक्षात एव्हाना आलं होतं की कापडापेक्षा जमीन महाग आहे. पण गिरणीची जमीन औद्योगिक वापराची, काही ठिकाणी तर भाडेपट्ट्याची. उद्योग बंद करून तिथे घरं बांधून विकायची परवानगी नव्हती.

(दृश्य : विकास नियंत्रण नियमावलीची पानं. नियम 58 वर कॅमेरा थांबतो.)

ती परवानगी 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने दिली. नियम क्रमांक 58. गिरणगावात शाळा न शिकलेल्या माणसालाही हा आकडा पाठ आहे. नियम असा : गिरणीची जमीन विकसित करायची तर तिची वाटणी करा. ढोबळ मानाने एक हिस्सा महापालिकेला, बागा-मैदानांसाठी. एक हिस्सा म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. एक हिस्सा मालकाला, त्यावर त्याने घरं बांधावीत, ऑफिसं बांधावीत, विकावीत. पाच ते दहा हेक्टरच्या गिरणीसाठी हे प्रमाण 33, 34 आणि 33 टक्के होतं. विक्रीचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा, त्यातून कामगारांची देणी द्यायची, आणि त्यावर निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालच्या समितीने देखरेख करायची.

मालकांना हे परवडेना. दोन हिस्से सोडून द्यायचे तर शेड पाडायच्याच कशाला, असं म्हणून बहुतेकांनी जमिनी तशाच ठेवल्या. देणी थकली. 1996 साली सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. खासगी मालकांनी त्यांना आत येऊ दिलं नाही, त्यामुळे गटाला एनटीसीच्या 25 गिरण्यांपुरताच आराखडा करता आला. कोरियांचं म्हणणं होतं की सगळ्या गिरण्यांचा एकत्र विचार करा. रस्ते, मैदानं, स्टेशनाची गर्दी, घरं यांचं एकच नियोजन करा. एवढी सलग जागा या शहराला पुन्हा मिळणार नव्हती. तो आराखडा अंमलात आला नाही.

2001 साली आलं ते दुसरंच. नियम 58 बदलला. वाटणीची टक्केवारी तीच राहिली, पण वाटणी कशाची करायची ते बदललं. आता फक्त मोकळी जमीन मोजायची. शेड पाडून जी जमीन मोकळी होईल ती वाटणीत धरायची नाही.

(दृश्य : आलेखन. एका गिरणीचा नकाशा, आधी पूर्ण रंगलेला, मग छपराचा भाग वजा होतो.)

एक उदाहरण घेऊ. समजा गिरणी पंधरा एकरांची आहे. त्यातली बारा एकर छपराखाली, तीन एकर मोकळी. जुन्या नियमाने शेड पाडल्यावर पंधरा एकरांची वाटणी व्हायची : म्हाडाला पाच एकर, महापालिकेला पाच, मालकाला पाच. नव्या नियमाने वाटणी तीन एकरांची. म्हाडाला एक, महापालिकेला एक. मालकाकडे तेरा.

म्हणजे साचे तळमजल्यावर लागायचे, म्हणून शेड पसरल्या. शेड पसरल्या, म्हणून मोकळी जागा कमी. आणि मोकळी जागा कमी, म्हणून त्या साच्यांवर उभं राहून ज्याने आयुष्य काढलं त्याच्या घराची जागा कमी.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप ही संस्था या बदलाविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. ऑक्टोबर 2005 मध्ये उच्च न्यायालयाने निकाल संस्थेच्या बाजूने दिला. तोवर पाचही गिरण्यांचे सौदे झालेले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 7 मार्च 2006 रोजी तिथे 2001 चा बदल वैध ठरला. बंद गिरण्यांचं पुनर्वसन आणि कामगारांची देणी यांसाठी जमिनीतून पैसा उभा राहणं गरजेचं आहे, ही सरकारची बाजू होती. एनटीसीने विक्रीच्या पैशातून कामगारांना स्वेच्छानिवृत्तीची रक्कम दिली, हेही खरं आहे. कामगार मागत होता ते वेगळं होतं. बंद गिरणी कामगार संघर्ष समितीचे दत्ता इस्वलकर, मॉडर्न मिलचे कामगार, त्या वर्षांत प्रत्येक सभेत घराचा प्रश्न मांडत राहिले. गिरणीच्या जमिनीवर गिरणी कामगाराला घर.

(दृश्य : टाइमलॅप्स. क्रेन, खोदकाम, वर चढत जाणारे मजले.)

आता परत मुंबई टेक्स्टाइलकडे. 2005 मध्ये 702 कोटींना ही जमीन डीएलएफ आणि आकृती या बिल्डरांच्या संयुक्त कंपनीने घेतली. म्हणजे एकराला साधारण चाळीस कोटी. 2012 मध्ये डीएलएफने ती लोढा समूहाला विकली. किंमत सुमारे 2700 कोटी. सात वर्षांत जवळपास चौपट, आणि एवढ्या काळात त्या जमिनीवर राहायला एकही माणूस आला नव्हता. वाढलेला दोन हजार कोटींचा भाव एका खासगी खात्यातून दुसऱ्या खासगी खात्यात गेला. महापालिकेला, म्हाडाला, कामगाराला जे काही मिळायचं होतं त्याचा हिशोब 2005 लाच मिटला होता.

आणि भाव का वाढला? मुंबई बेटावर मूळ एफएसआय 1.33. एफएसआय म्हणजे जमिनीच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण. त्यावर जादा एफएसआयच्या योजना येत गेल्या. सार्वजनिक वाहनतळ बांधून द्या आणि वर मजले वाढवा, ही त्यातलीच एक. जमीन तेवढीच, तिच्यावर बांधता येणारं क्षेत्र वाढत गेलं, तसा जमिनीचा भाव वाढत गेला. आज तिथे लोढा पार्क आहे. हे टॉवर, ही हिरवळ, हे पोहण्याचे तलाव, सगळं कुंपणाच्या आत.

(दृश्य : परळ-एल्फिन्स्टनचा रेल्वे पूल, सकाळची गर्दी.)

रस्ते तेवढेच राहिले. पूल तेवढेच राहिले. 29 सप्टेंबर 2017 रोजी या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. त्याच वर्षी 29 डिसेंबरला कमला मिलच्या आवारातल्या आगीत 14.

(दृश्य : म्हाडाची सोडत. सभागृह, पडद्यावर सरकणारे अर्ज क्रमांक.)

28 जून 2012. गिरणी कामगारांसाठी म्हाडाची पहिली सोडत, 6925 घरं. घर 225 चौरस फुटांचं. अर्ज करायला एकच अट : 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर तुम्ही गिरणीच्या पटावर असल्याचा पुरावा.

(दृश्य : टेबलावर पसरलेली कागदपत्रं, जवळून.)

हा पुरावा असा असतो. तिकीट नंबर असलेलं ओळखपत्र. हजेरी पास. ईएसआयचं कार्ड. प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी. लाल पास. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी ट्रंकेत, ट्रंक माळ्यावर. घडीवर फाटलेला कागद मागून चिकटपट्टीने जोडलेला. ज्यांनी तीस वर्षं हे जपलं त्यांना अर्ज करता आला. पुरात, आगीत, घर बदलताना ज्यांचे कागद गेले, त्यांच्या गिरण्याही तोवर गेल्या होत्या. दाखला मागायला दारच उरलं नव्हतं.

अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास आले. 2012 पासून 2020 पर्यंतच्या सोडतींत निघालेली घरं सोळा हजारांच्या घरात, आणि त्यातलीही काही थेट पनवेलजवळ कोनला. 1 मार्च 2020 च्या सोडतीत बॉम्बे डाइंग, स्प्रिंग मिल आणि श्रीनिवास मिल मिळून 3894 घरं होती.

(दृश्य : श्रीनिवास मिलचं आवार. वर्ल्ड वन टॉवर, शेजारी म्हाडाची इमारत, एकाच चौकटीत.)

श्रीनिवास मिलच्या जमिनीवर कामगारांना 544 घरं मिळाली. त्याच जमिनीवर शेजारी हा वर्ल्ड वन, 280 मीटर उंच. ही चौकट आम्ही मुद्दाम जास्त वेळ ठेवली आहे, कारण गिरणीच्या जागेवर कामगाराला घर देणं अशक्य आहे असं जे सांगितलं जातं, त्याला हे उत्तर आहे. देता येतं. इथे दिलं आहे. जेवढी जमीन सोडली, तेवढीच घरं झाली.

बाकीच्या अर्जदारांना आता शेलू आणि वांगणीची घरं दाखवली जात आहेत, कर्जतच्या लोकलवर, मुंबईपासून दोन तासांवर. 9 जुलै 2025 रोजी कामगार आणि त्यांचे वारस याच प्रश्नासाठी आझाद मैदानावर जमले. घर मुंबईत द्या, ही मागणी. जमलेल्यांत सत्तरी ओलांडलेलेच जास्त होते.

(दृश्य : बंद फाटक, आतली शेड, मागे चाळ. दोरीवर वाळणारे कपडे.)

गिरण्यांची सगळी जमीन अजून विकून झालेली नाही. एनटीसीच्या टाटा मिल, पोदार, दिग्विजय आणि इंदू क्रमांक पाच या गिरण्या मार्च 2020 च्या लॉकडाऊनमध्ये बंद झाल्या त्या बंदच आहेत. शेड उभ्या आहेत. गिरण्यांच्या जुन्या चाळींत कुटुंबं राहत आहेत, पावसाळ्यात जिन्याला टेकू लावून. उद्या या जमिनींच्या निविदा निघतील तेव्हा वाटणी फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळ्या जमिनीची झाली पाहिजे, शेडखालच्या जमिनीसकट. म्हाडाचा हिस्सा त्याच आवारात मोजून घेतला पाहिजे, आणि तो विक्रीच्या आधी. चाळींतल्या कुटुंबांचं आणि कामगारांच्या घरांचं क्षेत्र निविदेच्या कागदावर आकड्यात लिहिलेलं असलं पाहिजे, म्हणजे बोली लावणारा ते धरूनच बोली लावेल.