पात्यावरची चकाकी कुणाची?

(पुण्यातील जाहीर व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पुण्याच्या आसपास दगडी हत्यारांना तोटा नाही. मोरगावला आणि कुकडीकाठच्या बोरीला हातकुऱ्हाडी मिळाल्या. घोडनदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून उत्खनन केलं, तिथं ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांची कॅल्सेडनीची, म्हणजे गारेच्या जातीच्या दगडाची, पाती निघाली. ही हत्यारं केव्हाची, कशी घडवली, यावर आपल्याकडे भरपूर काम झालंय. पण त्यांनी कापलं काय, असं विचारलं की उत्तर बऱ्याचदा आकारावरून दिलं जातं. माझं म्हणणं असं, की आकार बाजूला ठेवा आणि धार बघा.

धार कशी वाचायची हे सोविएत संशोधक सेर्गेई सेम्योनोव यांनी १९५७ च्या ग्रंथात पद्धतशीर मांडलं. ओरखडे धारेला समांतर असतील तर हत्यार करवतीसारखं पुढं-मागं चाललंय. काटकोनात असतील तर तासलंय. कठीण वस्तूवर चालवलं की धारेचे पायरीदार टवके उडतात. इथपर्यंत फारसा वाद नाही. वाद आहे तो झिलईवर, म्हणजे वापरून वापरून धारेवर चढलेल्या चकाकीवर.

झिलई ओळखायची तर आधी ती स्वतः तयार करावी लागते. म्हणून आम्ही नवी पाती काढतो आणि प्रत्येक धारेला एकच काम देतो. एक फक्त बांबू तासणार, दुसरी फक्त हाड, तिसरी ओलं कातडं. हात किती वेळा फिरला, किती वेळ चालला, सगळं वहीत. सुरुवातीलाच धारेचा ठसा घेऊन ठेवायचा, दंतवैद्य घेतात त्याच सिलिकॉनमध्ये. बांबू बुरूड आळीत मिळतो, हाडं मटणवाल्याकडे. कातड्याचं मात्र जरा अवघड. उन्हाळ्यात ते सोसायटीच्या गच्चीवर तासायला बसलात तर विज्ञानापेक्षा शेजारधर्माचा प्रश्न आधी उभा राहतो.

मग धातू तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली १०० ते ४०० पट मोठं करून बघायचं. ओल्या कातड्यानं धार गोलसर होते आणि तिच्यावर तेलकट, मंद तकाकी येते. हाडाची झिलई तुकड्यातुकड्यांत, चकचकीत, बारीक खड्ड्यांची. लाकडाची गुळगुळीत, फुगीर. गहू-जवासारख्या पिकांच्या काडीत सिलिका असते. बराच वेळ कापणी केली की पात्यावर नुसत्या डोळ्यांना दिसणारी चमक चढते. तिचा पट्टा धारेला समांतर आहे की तिरपा, यावरून पातं विळ्याच्या दांड्यात कसं बसवलं होतं तेही कळतं.

ऐकायला छान वाटतं. पण कॅल्सेडनी अर्धपारदर्शक आहे. वरून टाकलेला प्रकाश थोडा आत शिरतो आणि पृष्ठभाग धड दिसत नाही. मग दगडाऐवजी त्याचा ठसाच बघावा लागतो. बेसाल्टचं, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या दगडाचं, दुखणं वेगळं. पृष्ठभाग भरड, आणि लाखो वर्षांत वरचा थरच कुजून गेलेला. हातकुऱ्हाडीच्या अशा कुजलेल्या धारेवरची झिलई वाचली, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मी तरी चटकन मान्य करणार नाही.

या पद्धतीची परीक्षाही झाली आहे. सत्तरच्या दशकात मार्क न्यूकमर या संशोधकानं हत्यारं बनवून वापरली, आणि कशासाठी ते न सांगता झिलईचे अभ्यासक लॉरेन्स कीली यांच्याकडे दिली. धारेचा वापरलेला भाग कीलींनी जवळजवळ सगळीकडे ओळखला. वस्तू कोणती, यात मात्र जास्त चुका झाल्या. मला तो निकाल प्रामाणिक वाटतो. म्हणून अहवालात ‘कठीण वस्तू तासली’ एवढंच लिहिलेलं मला ‘हरणाचं शिंग तासलं’ यापेक्षा जास्त पटतं.

आणि काही चकाकी तर आपलीच असते. बोटांचं तेल लेन्सखाली झिलईसारखं चमकतं, म्हणून स्पिरिटनं पुसल्याशिवाय बघायचंच नाही. लोखंडी अवजार घासलं तर धातूची रेघ उमटते. गुरांच्या खुरांनी, नांगराच्या फाळानं टवके उडतात. जुन्या संग्रहांत एकेका पिशवीत शंभर-शंभर पाती खुळखुळत असतात. धारेवर धार घासून तिथंही टवके पडतात. म्हणून आम्ही मुद्दाम काही नवी पाती मातीत पसरून तुडवतो, काही पिशवीत भरून हलवतो. न वापरलेल्या दगडावर काय उमटतं हे माहीत नसेल, तर वापरलेल्याबद्दल बोलायला तोंड उरत नाही.

शिरूर-जुन्नरकडची मंडळी इथं दिसताहेत. शेतात असं पातं दिसलं तर जागेवरच फोटो घ्या, गट नंबर टिपा, जाणकारांना कळवा. पाहणीत उचलायचंच ठरलं, तर ब्रशनं घासू नका, आणि प्रत्येक पातं वेगळ्या कागदात गुंडाळा.