आन कम चुआ? व्हिएतनाममध्ये एकट्याचं जेवण

[दृश्य : सकाळची गणपत गल्ली, बेळगाव. दुकानं उघडताहेत.]

बेळगावात ओळखीचं कुणी भेटलं की आधी विचारतं, "जेवण झालं का?" समोरचा कन्नड बोलणारा असेल तर तेच "ऊटा आय्ता?" होतं. इकडच्या माणसाला दोन्ही सारख्याच सहजतेनं येतं. व्हिएतनाममध्ये या प्रश्नाला म्हणतात, "आन कम चुआ?" भात खाल्लास का? झालं असेल तर "रोय", हनोईकडे तोच शब्द "झोय" ऐकू येतो. नसेल झालं तर नुसतं "चुआ". विचारणाऱ्याला तुमच्या पोटाची काळजी असेलच असं नाही. आपल्याकडे तरी कुठं असते?

[दृश्य : पासपोर्ट, मोबाइलवर व्हिसाचा फॉर्म.]

तयारीचं थोडक्यात. पासपोर्टची मुदत किमान 6 महिने शिल्लक हवी. ई-व्हिसा एका प्रवेशासाठी 25 डॉलर, अनेक प्रवेशांसाठी 50, आणि मुक्काम जास्तीत जास्त 90 दिवस. फॉर्म सरकारी संकेतस्थळावरच भरा. सीमाभागातली एक खास अडचण इथं येते. 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. त्यामुळं एका कागदावर जन्मगाव जुन्या स्पेलिंगनं, दुसऱ्यावर नव्या. डोकं चालवू नका, पासपोर्टवर छापलंय तेच अक्षरन् अक्षर उतरवा. नाव आणि आडनावाचे रकाने उलटे भरले, तर मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच अडवतात.

बॅग भरताना घरची माणसं शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, भाजणी देणारच. कोरडी चटणी चालते. तेलात कालवलेली असली तर हातातल्या बॅगेत नको. आणि सुक्या खोबऱ्याची वाटी कुठल्याच बॅगेत नको. त्यातल्या तेलामुळं ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात बंदी आहे.

[दृश्य : फुटपाथवरची गाडी, लहान प्लॅस्टिकची स्टुलं, उकळतं पातेलं.]

आता मुख्य गोष्ट. एकट्यानं जाणाऱ्या शाकाहारी माणसाचा घोटाळा बहुधा एकाच वाक्यानं होतो : "मांस नको." दुकानदार मान डोलावतो, मांसाचे तुकडे काढतो आणि वाडगा पुढं ठेवतो. त्याच्या लेखी काम झालं. खालचा रस्सा मात्र हाडं तासन् तास उकळून केलेला असतो. लसूण घालून परतलेली हिरवी भाजी दिसायला आपल्या पालेभाजीसारखी, पण तिच्यातही बहुतेक वेळा नुअक माम असतं. मासे आणि मीठ पिंपात कित्येक महिने मुरवून काढलेला हा रस तिथं आपल्या मिठासारखा वापरतात. म्हणून "मासे नको" म्हटलं तरी तो जेवणात येतो. स्वयंपाक्याच्या हिशेबात तो मासा नसतोच.

त्यापेक्षा एक शब्द पुरतो : चाय. आपला चहा नव्हे. "चाय" म्हणजे शाकाहारी, तोही बौद्ध रीतीचा. पूर्ण वाक्य, "तोय आन चाय". व्हिएतनामी भाषेला उत्तरेत सहा सूर आहेत, आणि सूर चुकला की अर्थ बदलतो. पण या वाक्यातले तिन्ही शब्द सपाट सुरात आहेत. आवाज वर नेऊ नका, खाली आणू नका, प्रश्न विचारल्यासारखा शेवट ओढू नका. ते वाक्य तिथल्या लिपीत मोबाइलवर साठवूनही ठेवा. पाटीवर "कम चाय" दिसलं की ती शाकाहारी खानावळ.

चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे अमावास्येच्या सुमारास आणि पौर्णिमेला, कित्येक व्हिएतनामी कुटुंबं स्वतःच चाय जेवतात. एकादशी पाळणाऱ्या घरातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्या दिवशी गर्दी फार, पण पदार्थही जास्त. प्रवासाच्या तारखा ठरवताना कालनिर्णयात पौर्णिमा बघून घ्या.

बेळगाव, चिकोडी, निपाणीकडच्या जैन मंडळींसाठी आणखी एक. परंपरेनं चाय स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्य. गाजर आणि मुळा मात्र सर्रास असतात, अळंबीही असते, तेवढं वेगळं विचारावं लागतं. ताटात कोंबडीसारखं काही दिसलं तर दचकू नका. सोयाबीनचं किंवा गव्हाच्या चिकाचं असतं, आणि नावही कोंबडीचंच देतात.

मांसाहारी माणसानं तीन शब्द पाठ करावेत. "गा" कोंबडी, "बो" गाय-बैलाचं मांस, "हेओ" डुकराचं. फो, म्हणजे रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया, म्हटलं की बहुतेक ठिकाणी "बो" गृहीत असतं. कोंबडीचं हवं तर "फो गा" असं स्पष्ट म्हणा. पावात भरून देतात त्या बान्ह मीला आतून पॅटेचा थर लावतात, तो बहुतेकदा डुकराच्या काळजाचा. अंड्याचं मागवलं तरी थर असू शकतो.

[दृश्य : तव्यावर पिवळं धिरडं, बाजूला पानांची टोपली.]

सुरुवात करायला बान्ह सेओ बरं. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध. आपल्या धिरड्याचंच भावंड, फक्त कुरकुरीत. आत डुकराचं मांस आणि कोळंबी असते. चाय हवं असेल तर अळंबी आणि मोड. तुकडा तोडून पानात गुंडाळायचा आणि वाटीत बुडवून हातानं खायचा. चॉपस्टिकशी झगडा नाही. वाटीतला रसही नुअक मामचा असतो, चाय खानावळीत सोयाचा मिळतो. टोपलीतल्या एका पानाला माशाचा वास येतो, त्याचं नाव दिएप का. ते झाडाचंच पान आहे. फसवणूक झाली म्हणून उठून जाऊ नका.

[दृश्य : घरातलं जेवण, मधे वाडगे.]

कुणी घरी बोलावलं तर चपला बाहेर. वडीलधारे सुरू करेपर्यंत थांबायचं. मधल्या वाडग्यातलं थेट तोंडात न्यायचं नाही, आधी आपल्या वाडग्यात घ्यायचं. भाताचा वाडगा उचलून तोंडाजवळ धरलेला चालतो. भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका, मेलेल्या माणसापुढं उदबत्त्या लावल्यासारखं ते दिसतं. आपल्याकडं पिंडाची आठवण होईल असं काही पानात केलं तर आजी जसं बघेल, तसंच तिथली आजीही बघते.

पैसे देताना नीट बघा. 20 हजार आणि 5 लाख डोंगच्या दोन्ही नोटा निळसर. घाईत आणि अंधारात हमखास चूक होते, आणि ती 25 पट महागात पडते. 5 लाखाची नोट वेगळ्या कप्प्यात ठेवा. टेबलावर न मागता ठेवलेला ओला रुमाल आणि शेंगदाणे बहुधा बिलात लागतात. नको असतील तर फोडू नका.

[दृश्य : काचेच्या ग्लासावर ठेवलेली ॲल्युमिनियमची फिन.]

शेवटी कॉफी. ग्लासात तळाला घट्ट गोड दूध, वर फिन नावाची छोटी गाळणी. आधी थोडंसं गरम पाणी घालून पूड अर्धा मिनिट भिजू देतात, मग फिन भरतात. सगळी कॉफी उतरायला साधारण पाच मिनिटं. धार लागली तर पूड जाड आहे, थेंबच पडेना तर आतली चकती फार दाबली गेली आहे, ती जराशी सैल करायची. फिन विकत घेऊन घरी आणली, तर दक्षिणी फिल्टरची बारीक पूड तिच्यात चालत नाही. छिद्रं बुजतात. थोडी जाडसर दळून घ्या.