‘चौकशीला चला’ म्हणतात तेव्हा

नमस्कार, श्रोतेहो.

रात्रीचे साडेनऊ. ताट वाढलेलं आणि दारात दोन पोलीस. “चौकशीला चल, अर्ध्या तासात सोडतो.” मुलगा पायात चपला सरकवून निघतो. अर्धा तास जातो, रात्र जाते, आणि सकाळी त्याची आई डबा घेऊन ठाण्याबाहेरच्या कट्ट्यावर बसलेली असते. तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना अशा कितीतरी आया मला भेटल्या. “पोरगं आत आहे, पण अटक झालीय का नाही, कुणी सांगेना,” हेच त्यांचं पहिलं वाक्य असतं.

वॉरंटशिवाय अटक करता येते का? येते. खून, दरोडा अशा दखलपात्र गुन्ह्यांत हा अधिकार कायद्यानंच पोलिसांना दिला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५व्या कलमात तो आहे, आणि असायलाच हवा. दरोडेखोर पळत असताना फौजदारानं सहीसाठी कोर्ट उघडायची वाट बघावी, असं कुणीच म्हणणार नाही.

पण अधिकार आहे म्हणून अटक केलीच पाहिजे, असं होत नाही. १९९४ साली गाझियाबादमध्ये एका तरुण वकिलाला पोलिसांनी बोलावून ठेवून घेतलं. सर्वोच्च न्यायालयात विचारणा झाली तेव्हा उत्तर आलं, त्याला अटक केलेली नाही, तपासात त्याची मदत घेत होतो. तेच आपलं ‘चौकशीला चला’! न्यायालयानं तेव्हा स्पष्ट केलं की अटकेचा अधिकार असणं वेगळं आणि त्या अटकेचं समर्थन करता येणं वेगळं. पुढे २०१४ मध्ये सांगितलं की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का लागते, ते पोलिसांनी लेखी नोंदवावं. गरज नसेल तर समजपत्र, म्हणजे ठरल्या तारखेला हजर राहण्याची लेखी नोटीस, द्यावं. समजपत्र मिळालं तर मात्र त्या तारखेला हजर राहा. ते चुकवलं की अटकेला कारण मिळतं.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. अटक सुरू कधी होते? रजिस्टरात नोंद पडते तेव्हा? मुंबई उच्च न्यायालयानं १९९० मध्येच याचं उत्तर दिलं आहे: माणसाला आपल्या मर्जीनं निघून जाता येत नाही, त्या क्षणापासून. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याचं बंधन राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदात आहे. प्रवासाचा वेळ त्यातून वगळतात. पण मुलाला साडेनऊला थांबवून घेतलं आणि कागदावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे सहा लिहिले, तर त्याचे वीस तास हरवतात. मारहाण होते ती बहुतेक अशाच बिननोंदीच्या तासांत, असं माझं मत आहे.

म्हणून अटक मेमोवरची, म्हणजे अटकेची नोंद करणाऱ्या कागदावरची, वेळ आधी वाचा. हा मेमो एका पत्रामुळे आला. १९८६ साली पश्चिम बंगालमध्ये कायदेविषयक मदतीचं काम करणाऱ्या डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना लिहिलं. निकाल लागायला डिसेंबर १९९६ उजाडला. तेव्हापासून मेमोवर तारीख, वेळ, घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही आणि खुद्द अटक झालेल्याची सही लागते. नातेवाइकाला कळवावं लागतं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नसला तरी.

बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादाला महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही लागतात. मुंबईच्या लॉकअपमधल्या बायकांच्या हालांबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं होतं. १९८३च्या त्या निकालामुळे बायकांसाठी वेगळ्या कोठड्या आणि महिला पोलिसांचा पहारा आला.

अलीकडचा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, नोव्हेंबर २०२५चा, तोही मुंबईतल्या एका अपघाताच्या खटल्यातला. अटकेची कारणं लेखी द्यायची, त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत, आणि उशिरात उशिरा रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागण्यासाठी, कोर्टात हजर करण्याच्या दोन तास आधी. चाकणला कामाला आलेल्या ओडिशाच्या पोराच्या हातात मराठी कागद देऊन भागणार नाही. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

तेव्हा दारात पोलीस आले तर हुज्जत घालू नका. कुठलं ठाणं, छातीवरच्या पट्टीवर नाव काय, किती वाजले, हे लिहून ठेवा. ठाणे अंमलदाराला विचारा, अटक केली आहे का, मेमो कुठे आहे. वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करा, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

कोर्टात उभं केल्यावर दंडाधिकारी विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार?” भेदरलेली पोरं मान हलवून नाही म्हणतात. तक्रार नसली तरी एक वाक्य तेव्हा जरूर बोला: “साहेब, मला काल रात्री साडेनऊला घरून आणलं.” आणि ते लिहून घ्यायची विनंती करा.

नमस्कार.