सुगरण आणि समुद्रघोडा: दोन बापांची गोष्ट

(हातात वाळलेला खोपा)

रामराम मंडळी! हा खोपा आमच्या आखाड्यावरच्या विहिरीच्या काठावर पडलेला सापडला. वर वाकलेली बाभूळ आहे, तिच्या फांद्यांना असे आठ-दहा लोंबतात. जवळून बघा. (खोपा कॅमेऱ्यासमोर) ही पट्टी उसाच्या पानाची. पाखरू पानाच्या कडेला चोचीनं खाच पाडतं, टोक धरतं अन् उडतं; पट्टी सरळ फाटत येते. नाव सुगरण, पण विणणारा नर! अर्धा खोपा झाला की थांबतो, पंख फडफडवून मादीला बोलावतो. तिला पसंत पडला तरच पुढची नळी. नाहीतर काम तिथंच बंद.

आता समुद्रघोडा. परभणीकराला समुद्र म्हणजे देवगिरी एक्सप्रेसची अख्खी रात्र, म्हणून फोटोवरच भागवू. (फोटो) तोंड घोड्याचं, शेपूट गवताला गुंडाळलेली, अंगावर खवल्यांऐवजी हाडांची कडी. तरी हा मासाच. कल्ल्यांनी श्वास घेतो. मादी याच्या पोटावरच्या पिशवीत अंडी घालते अन् पिल्लं हा बाप जन्माला घालतो.

दोघंही पाठीला कणा असलेले प्राणी. सोबत तेवढीच. पुढं हा माशांत, ती पक्ष्यांत. सुगरणीचा गण पॅसेरिफॉर्मिस. जगातल्या निम्म्याहून जास्त पक्षी-जाती याच गणात. शास्त्रीय नाव प्लोसियस फिलिपिनस, आणि गंमत म्हणजे फिलिपिन्समध्ये ही सापडतच नाही!

संरक्षणाचं बघू. फोटोतला हिप्पोकॅम्पस कुडा आययूसीएनच्या, म्हणजे निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, यादीत ‘व्हल्नरेबल’, म्हणजे धोक्यात. तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातात ट्रॉलरच्या जाळ्यात हे घोडे अडकतात. वाळवून चिनी औषधांसाठी विकले जायचे. 2001 मध्ये आपल्या वन्यजीव कायद्यानं त्यांना संरक्षण दिलं, 2004 पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरही साइट्सचं, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या देशोदेशींच्या कराराचं, नियंत्रण आलं. चोरटा धंदा मात्र थांबलेला नाही.

सुगरण ‘लीस्ट कन्सर्न’, म्हणजे फारशी काळजी नको. वाचून मी खूश झालो होतो. पण तो शेरा पाकिस्तानपासून इंडोनेशियापर्यंतच्या सगळ्या सुगरणींचा, आमच्या शिवाराचा नाही. इथं बोअर झाले, जुन्या विहिरी बुजवल्या, काठच्या बाभळी सरपणाला गेल्या. ही बाभूळसुद्धा भावानं उन्हाळ्यात तोडायला काढली होती. म्हटलं, एवढा पावसाळा जाऊ दे.

तर यंदा तिच्यावर किती खोपे लागले ते पुढच्या व्हिडिओत मोजू. अर्धे वेगळे, पुरे वेगळे.