छोटा डायनासोर मोठ्याचा आजोबा असतो का?

नमस्कार मंडळी! ट्रायसेराटॉप्सच्या व्हिडिओखाली अजूनही एकच प्रश्न येतोय: "छोटा हिप्सिलोफोडॉनच पिढ्यानपिढ्या वाढत वाढत धिप्पाड, पाला खाणारा इग्वानोडॉन झाला ना?" नाही हो, नाही झाला!

ओळख पटकन उरकतो. हिप्सिलोफोडॉन शेपटीसकट जेमतेम दोन मीटरचा, दोन पायांवर पळणारा, पाला खाणारा. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर 1849 मध्ये हाडं मिळाली, तेव्हा सगळे म्हणाले, इग्वानोडॉनचं पिल्लू. 1869 मध्ये इंग्रज जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्स्लीने त्याला वेगळा प्राणी म्हणून नाव दिलं. पुढे काहींनी त्याला झाडावर चढवलं, हरभऱ्याच्या नाही, खऱ्याच. 1970 च्या दशकात जीवाश्मतज्ज्ञ पीटर गॅल्टनने खाली उतरवला, कारण पाय पळणाऱ्याचे होते.

आता माझं दुखणं. भाचीच्या खोलीत एक तक्ता आहे: डावीकडे चिमुकला डायनासोर, उजवीकडे धिप्पाड, मध्ये बाण. तो बाण बघितला की माझं डोकं फिरतं. हिप्सिलोफोडॉन साधारण साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा. इग्वानोडॉनच्या गोतावळ्यातला कॅम्प्टोसॉरस त्याच्या निदान 2 कोटी वर्षं आधीच अमेरिकेत चरत होता. नातवाच्या घराण्यातलं माणूस आजोबांच्या आधी जन्मलं, असं कसं चालेल? चुलत नातं आहे हे, चुलत!

नाही पटत? बरं, सिटॅकोसॉरस घ्या. मंगोलियातला, पोपटासारख्या चोचीचा, 1923 मध्ये नाव मिळालेला. याला बिनधास्त तीन शिंगांच्या ट्रायसेराटॉप्सचा पूर्वज ठरवतात. याच्या हाताला बोटं 4, ट्रायसेराटॉप्सला 5. एक बोट गमावून बसलेला प्राणी पाच बोटांच्या घराण्याचा थेट मूळपुरुष कसा ठरवायचा? तोही बाजूच्याच फांदीवरचा.

आणि "दोन पायांवर पळणारे म्हणजे सुरुवातीचे, मग ते जाऊन धिप्पाड आले" म्हणणाऱ्यांनो, दोन पायांवर पळणारा छोटा लेसोथोसॉरस आफ्रिकेत जवळजवळ 20 कोटी वर्षांपूर्वी होता. तशाच दोन पायांच्या घडणीचा, पण बराच मोठा थेसेलोसॉरस थेट शेवटपर्यंत, 6.6 कोटी वर्षांपूर्वीपर्यंत, टी-रेक्सच्या शेजारी टिकला. चालणारी घडण आहे, कशाला बदलेल? बाण पुसा तो!

जाता जाता, एका कमेंटमध्ये विचारलंय की दक्षिण आफ्रिकेतल्या हेटेरोडोंटोसॉरसला सुळे होते, मग तो शाकाहारी कसा? अहो, कस्तुरीमृगाच्या नराला केवढे सुळे असतात, आणि खातो काय, तर पाला आणि दगडफूल. सुळे मारामारीला, मिरवायला किंवा खणायलाही असू शकतात. खाणं कळतं ते गालाकडच्या दातांवरून. हेटेरोडोंटोसॉरसचे हे दात छिन्नीसारखे, एकमेकांवर घासून झिजलेले. पाला चावून चावून होते तशी झीज आहे ती. तेव्हा पुढच्या वेळी सुळे नका दाखवू, मला दाढा दाखवा.